भाव विचारू नका

खवले मांजराच्या चोरट्या व्यापाराचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी तरुण मुलं-मुली अधूनमधून भेटतात. त्यांना मी सगळ्यात आधी एवढंच सांगतो, की गावात भाव विचारू नका. हे मी कोकणातल्या एका वाडीत डोळ्यांदेखत घडलेल्या प्रकारावरून सांगतोय.

शहरातून एक अभ्यासक तिथे आला होता. साखळी आतून कळावी म्हणून तो गिऱ्हाईक बनून हिंडला. टपरीवर, एसटीच्या थांब्यावर ‘मिळेल का, केवढ्याला जाईल’ असं विचारत गेला. त्याला काहीच घ्यायचं नव्हतं, हेतूही चांगला होता. पण वाडीला त्याचा हेतू कसा कळणार? ‘मुंबईची पार्टी आलीय’ एवढीच बातमी फिरली. काही आठवड्यांनी दोन पोरांनी बीळ खणून खवले मांजराची एक मादी धरली, पिंपात कोंडली आणि दोघं त्या पार्टीची वाट बघत बसले. मुंग्या आणि वाळवीवर जगणारा प्राणी तो, आणि त्याच्यापुढे भात टाकलेला. वनखात्याची माणसं पोचली तेव्हा मादी मेलेली होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, म्हणजे दोष सिद्ध झाला तर किमान ३ वर्षांची कैद. ती त्या पोरांच्या वाट्याला येणार. अभ्यासकाचं नाव पंचनाम्यात कुठेच नव्हतं.

या जनावराची मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते. संकट आलं की हे जनावर अंगाचं वेटोळं करतं. बिबट्यापुढे ही ढाल चालते, माणूस मात्र ते वेटोळं सरळ उचलून पोत्यात घालतो. अशा प्राण्याच्या बाबतीत नुसती चौकशीसुद्धा मागणी ठरते. मांडुळाचंही तेच. ‘पार्टी आहे’ हे दोन शब्द कानावर पडले की शेतात इतकी वर्षं दिसत आलेल्या सापाला कुणीतरी तराजूत घालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे साखळी एकच आहे असं धरून चालू नका. एक साखळी खवल्यांची. तो माल ईशान्येकडून म्यानमारमार्गे चीनकडे जात आला आहे. खवलं म्हणजे आपल्या नखांसारखंच केराटिन, त्यात औषधी असं काही नाही. २०१६ साली जोहान्सबर्गला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. २०२० साली चीनने आपल्या अधिकृत औषधकोशातल्या कच्च्या औषधींच्या यादीतून खवले काढून टाकले. या साखळीला सीमेवरची तपासणी, सीमाशुल्क खातं आणि जप्त मालाची डीएनए चाचणी यांनीच आळा बसतो.

दुसरी साखळी जिवंत जनावराची, आणि आपल्याकडे मला तीच जास्त भेटली. पैशांचा पाऊस पडेल, गुप्तधन सापडेल ही अंधश्रद्धा, मग अमुक वजनाचाच नग हवा, त्याचा व्हिडिओ पाठव. एक दलाल दुसऱ्याला गाठतो, दुसरा तिसऱ्याला, प्रत्येक जण पुढच्याकडून आगाऊ रक्कम उकळतो आणि शेवटी खरं गिऱ्हाईक बहुतेकदा नसतंच. हा मुळात फसवणुकीचा धंदा आहे, आणि जनावर त्यात फुकट मरतं. इथे सीमेवर पहारा ठेवून काय होणार? इथे उपयोगी पडतो तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, शाळेतला मास्तर आणि आगाऊ रक्कम बुडाल्याची कहाणी चारचौघांत सांगायला तयार असलेला एखादा गावकरी. अशी कहाणी ऐकून बेत सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून माझा तिच्यावर फार भरवसा आहे.

मग माहिती मिळवायची कशी? कागदांतून. प्राथमिक वनगुन्हा अहवाल, जप्तीचा पंचनामा, न्यायालयाचे निकाल आणि माहिती अधिकारातली उत्तरं. आरोपी कुठून निघाला, कुणाला भेटला, गाडी कुणाची, खटला कुठे अडकला, हे सगळं तिथे असतं. कागद वाचणं कंटाळवाणं आहे खरं, पण कागद वाचल्याने कुणी बीळ खणत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांशी जरूर बोला. पूर्वी हा प्राणी कुठे दिसायचा, आता का दिसत नाही, हे विचारा. पैशाचा विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या, आपण काढू नका. बनावट गिऱ्हाईक उभं करणं हे वनखात्याचं आणि पोलिसांचं काम आहे, अधिकारही त्यांचाच. आपल्या झोळीत एक खवलं सापडलं तरी आपण आरोपी होतो, अभ्यासासाठी ठेवलं होतं हा बचाव चालत नाही.

लिहितानाही हात आवरा. ‘कोट्यवधींचं खवले मांजर जप्त’ असा मथळा छापून येतो, तो आकडा अनेकदा आरोपीच्याच बोलण्यातून आलेला असतो. पुढच्या पोराला बीळ खणायला लावतो तो हाच आकडा. बिळाचं ठिकाण आणि धरण्याची रीत छापू नका. माहिती देणाऱ्याचं नाव वहीतसुद्धा लिहू नका, कारण वही जप्त होऊ शकते आणि तो माणूस त्याच वाडीत राहणार असतो. जिवंत जनावर कोंडलेलं कळलं तर अभ्यास बाजूला ठेवून १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करा. ती साखळी कुठवर जाते हे कळायचं राहून गेलं तरी चालेल.