वंशावळ कशी वाचावी?

बीडहून मांजरसुंब्यामार्गे केजकडे जाताना नेकनूर लागते. या मोठ्या बाजारपेठेच्या गावात, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावात, शेतकऱ्याच्या कागदपत्रांत सातबाराच्या जोडीने वंशावळीचा कागद असतोच. वारसनोंद असो, वाटणी असो की जातीचा दाखला, पहिली मागणी त्याचीच होते.

वंशावळीचा आरंभ शिरोभागी असलेल्या मूळ पुरुषापासून होतो. आडव्या रेषेवरील नावे भावंडांची असून खाली उतरणारी प्रत्येक रेघ एक पिढी दर्शविते. वाचन मात्र खालून वर करणे श्रेयस्कर, कारण अर्जदाराचा दुवा मूळ पुरुषापर्यंत अखंड पोहोचतो किंवा नाही, हे त्यामुळे तत्काळ उमगते.

खरा घोटाळा नावांचा. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल सलग दोन पिढ्या पाळली गेली, तर नातू व आजोबा यांचे केवळ नावच नव्हे, तर वडिलांचे नावही एकच होते! अशा वेळी नावापुढे नोंदीचे वर्ष आणि जमिनीचा जुना सर्व्हे नंबर लिहिणे अगत्याचे आहे. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने जुने दप्तर बहुतांशी उर्दूत, क्वचित मोडीत आहे. त्यातील फसली सनात 590 मिळविल्यास साधारणपणे इसवी सन येतो. 1954-55 चे खासरा पत्रक हा नंतरचा महत्त्वाचा दुवा होय. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या कागदांना पुन्हा मोल आले. जातीच्या दाखल्यासाठी पितृकुळातील रक्ताचे नाते पाहिले जाते.

वारसाहक्काचा विचार मात्र निराळा. तेथे केवळ पुत्रांच्याच रेघा ओढलेली वंशावळ अपुरी ठरते. एखाद्या हिंदू गृहस्थाची 12 एकर स्वकष्टार्जित जमीन आहे आणि तो मृत्युपत्र न करता वारला, असे समजू. मागे आई नाही. पत्नी, एक मुलगा, एक विवाहित मुलगी आणि आधीच वारलेल्या मुलाची विधवा व तिची तीन मुले आहेत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा, मुलगी व मृत मुलाची शाखा यांना प्रत्येकी 3 एकर मिळतात. शाखेतील चौघांच्या वाट्याला प्रत्येकी 30 गुंठे येतात. मुलीचे नाव गाळले तर तिचे 3 एकर कागदावरून नाहीसे होतात, आणि निःसंतान समजून मृत मुलाची रेघ तोडली तर चार जीव उघड्यावर पडतात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला आहे.

म्हणून वंशावळीच्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी पंचांनी तीन प्रश्न विचारावेत: मुली किती? मयतांच्या मागे कोण? दत्तक कोणी गेले किंवा आले काय? दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्याच्या रेषेतून निघून दत्तक पित्याच्या रेषेत बसतो. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावयाची असते. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. सासरी असलेल्या लेकीपर्यंत ती वार्ता त्या मुदतीत पोहोचविणे पंचायत सदस्यास सहज शक्य आहे.