जनरल के. व्ही. कृष्णराव आणि महार रेजिमेंट

इतिहासाच्या तासाला महार रेजिमेंटचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या मुखी प्रथम कोरेगावचे नाव येते. ते यथार्थच आहे. परंतु याच रेजिमेंटने देशाला लष्करप्रमुख दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्यामुळे केवळ नोकरीच नव्हे, तर लष्करी शाळेचे दारही बंद झाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे अशाच शाळेचे मुख्याध्यापक होते, हे आपण विसरू नये. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार पलटण युद्धानंतर मोडली गेली. अखेर संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, आंध्रातील एकोणीस वर्षांचे कृष्णराव या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. महायुद्धकाळात त्यांनी ब्रह्मदेश, वायव्य सरहद्द व बलुचिस्तान येथे सेवा केली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आरंभीच्या शिक्षकांमध्ये ते होते. १९७१ च्या युद्धात त्यांच्या डोंगरी डिव्हिजनने सिल्हेटच्या आघाडीवर विजय मिळवला. १ जून १९८१ रोजी ते लष्करप्रमुख झाले. १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ईशान्येकडील राज्ये व जम्मू-काश्मीर येथे राज्यपालपद भूषविले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये लष्करप्रमुख झालेले जनरल सुंदरजी हेही मूळ याच रेजिमेंटचे.

हे दोघेही आपल्या समाजातील नव्हते. इतिहासाचे शिक्षक म्हणून हे सत्य सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. रेजिमेंटच्या कीर्तीत जवानांच्या रक्ताचा वाटा मोठा आहे. मात्र अधिकारपदाचा मार्ग शिक्षणातूनच जातो. खडकवासल्याची प्रबोधिनी आपल्यापासून दूर नाही, आणि २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. पूर्वजांनी भरतीचा हक्क परत मिळवला. नेतृत्वाचा हक्क मिळवणे हे आमच्या वसतिगृहात रात्री अभ्यासाला बसणाऱ्या मुलामुलींचे काम आहे, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आपले.