नाव विचारले जाण्यापूर्वी

रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई असे कोरियन उद्योग उभे असताना, पुण्याकडे नोकरीच्या शोधात निघालेल्या मुखेडच्या माणसाने कोरियन भाषेच्या वाटेला जावे यात नवल नाही. परंतु स्वपरिचयाची चार वाक्ये देवनागरीत उतरवून घोकण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचा उपसर्ग स्वतः सोसल्यामुळे नवशिक्यांना वेळीच सावध करणे मला अगत्याचे वाटते.

माझ्याजवळ एका वर्गातून मिळालेली तशीच चिठ्ठी होती आणि तीतील ‘इरुम’ म्हणजे नाव, एवढ्या भांडवलावर मी मुलाखतीस हजर झालो. समोरच्या कोरियन गृहस्थांनी मात्र अत्यंत अदबीने ‘सॉङ्हामी ऑत्तॉखे द्वेसेयो?’ असे विचारले, आणि त्या प्रश्नात माझा ‘इरुम’ कोठेच न सापडल्याने, कोऱ्या चेहऱ्याने मी संपूर्ण चिठ्ठी म्हणून दाखविली. समोरच्याचे नाव आदराने विचारताना कोरियन माणूस ‘सॉङ्हाम’ म्हणतो, स्वतःचे सांगताना मात्र ‘इरुम’च म्हणावे लागते, हा भेद चिठ्ठीत नव्हता.

वस्तुतः आमच्या मुलखाला ही रीत अपरिचित नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मुखेड निजामाच्या अमलाखाली होते, कचेरीची जबान उर्दू होती, आणि ‘इस्मे-शरीफ?’ अशी पृच्छा झाली असता उत्तरात आपल्याच नावास ‘शरीफ’ म्हणवून घेणारा इसम गावंढळ ठरे. हेच तारतम्य कोरियनमध्ये पावलोपावली लागते: वडीलधाऱ्यांपुढे ‘मी’ म्हणताना ‘ना’ नव्हे, तर नम्र ‘चॉ’ वापरावा, आणि दुसऱ्याच्या नावापुढे लागणारा ‘शी’ स्वतःच्या नावास चुकूनही जोडू नये.

दुसरा धोका लिपीचा. राजा सेजोंग याने १४४६ साली जाहीर केलेली, आज चौदा व्यंजने व दहा स्वर या मूलाक्षरांवर उभी असलेली हंगुल आधी शिकावी. रोमन अक्षरांच्या आधाराने ‘चॉनुन’चा ‘जिओनेउन’ करून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि देवनागरीनेही पुरती सोय होत नाही. वाक्याच्या शेवटी येणारे रूप लिहिताना ‘इप्-नि-दा’ असते, उच्चारताना ‘इम्निदा’ होते; परंतु ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होतो हे ज्याने शाळेत संधी शिकताना पाठ केले, त्याला या अनुनासिकाचे भय वाटण्याचे कारण नाही. ख, थ, फ हे वेगळे उच्चारण्याची सवयही आपल्याला जन्मतःच आहे, क्रियापद वाक्याच्या अखेरीस ठेवण्याचीही. अडचण गावाच्या नावाची: कोरियन कानाला आपला ‘ड’ परका, शिवाय अंत्य व्यंजनाला आधाराचा स्वर द्यावा लागतो; म्हणून ‘मुखेड’चे ‘मुखेदु’ होते, त्यास इलाज नाही.

सरावासाठी एखाद्या सोबत्याला प्रश्न उलटसुलट विचारायला लावावे: कधी ‘इरुम’ने, कधी ‘सॉङ्हाम’ने, मध्येच गाव, मध्येच वय; कारण वयावरून संबोधन ठरत असल्याने तोही प्रश्न निःसंकोच येतो. आणि आपले नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा त्रिपदी ऐवज घेऊन जाण्यापूर्वी त्यांतील कोणत्या पदाने आपणास हाक मारावी हे ठरवून ते हंगुलमध्ये लिहून ठेवावे. कोरियन माणूस आडनाव प्रथम सांगतो, तेव्हा क्रमाचा घोटाळा झाला की वडिलांच्याच नावाने हाका ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.