कादंबरीच्या बीजाची राखण

कादंबरीचे बीज, म्हणजे ज्याच्याभोवती पुढे पात्रे, प्रसंग आणि काळ जमत जातात तो पहिला ठसा, हे विषयाहून वेगळे असते, ही गोष्ट पालघर-बोईसर परिसरात लेखनसामग्री शोधणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी. 1969 मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र, त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी उठवली गेलेली पोफरण व अक्करपट्टी ही गावे, 1945 चा वारली उठाव हे सारे विषय आहेत आणि ते सर्वांना खुले आहेत. मात्र पुनर्वसन वसाहतीत समुद्राच्या दिशेला पाठ करूनच जाळे सांधणारा एक कल्पित म्हातारा हे बीज होय. कारण तो असा का बसतो, या एका प्रश्नामागून त्याचे गेलेले घर, मुलाची कारखान्यातील रातपाळी आणि सुनेशी धरलेला अबोला क्रमाने उलगडत जातात.

प्रस्तुत लेखकाने हा म्हातारा बराच काळ टिपणवहीत वाढवला होता आणि डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये एका परिचित लेखकाला त्याच्याविषयी सविस्तर सांगितले होते. पुढे त्या परिचिताची कथा एका दिवाळी अंकात आली, तेव्हा तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात तीच पाठ, तेच जाळे आणि तोच अबोला होता. फक्त गाव सातपाटी केले होते, आणि कथेत त्या म्हाताऱ्याला तेथून कोणी उठवलेलेच नसल्यामुळे त्याने समुद्राकडे पाठ का फिरवावी, याचा शेवटपर्यंत पत्ता नव्हता. विचारणा केल्यावर, विषय काही कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो, असे हसत उत्तर मिळाले.

कायदाही येथे फारसा कामी येत नाही, कारण कॉपीराइटचे संरक्षण कल्पनेला नसून तिच्या अभिव्यक्तीला, म्हणजे प्रत्यक्ष शब्दांत उतरलेल्या मांडणीला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून उद्भवलेल्या खटल्यात 1978 मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून बीज कोणापुढे मांडण्यापूर्वी त्यातील किमान एक प्रसंग पूर्ण लिहून, तारीख राहील अशा रीतीने स्वतःलाच ईमेलने पाठवावा. लेखकमित्रांना विषय सांगावा, पण पात्राची लकब आणि विशेषतः तिचे कारण सांगू नये. ज्यांच्या ओटीवर बसून सामग्री मिळाली त्यांच्यापासून मात्र काहीही लपवू नये. त्यांच्याकडून असा धोका प्रस्तुत लेखकाला तरी आढळलेला नाही. सदर परिचिताने अलीकडे मुरब्याच्या खाडीविषयी बारकाईने चौकशी केली, तेव्हा त्याला भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या सांगण्यात आल्या.