आभासी संगणकांचा कारभार आणि वेब-पटल

एकाच सामर्थ्यवान संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालविण्याच्या पद्धतीस ‘आभासीकरण’ म्हणतात. वेतनपत्रके, अभिलेख व पत्रव्यवहार यांसाठी वेगवेगळी यंत्रे न घेता ही कामे एकाच सर्व्हरवर परस्परांपासून अलग ठेवता येतात. या साऱ्यांचा कारभार ब्राउझरमधून पाहण्याची सोय म्हणजे वेब व्यवस्थापन पटल होय. २००८ साली प्रथम प्रसृत झालेली, व्हिएन्ना येथे विकसित झालेली ‘प्रॉक्समॉक्स व्हीई’ ही मुक्त प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे.

उभारणीचा क्रम

प्रथम सर्व्हरच्या बायॉसमध्ये आभासीकरणाची सुविधा चालू करावी. नंतर पेन ड्राइव्हवरून प्रणाली स्थापित करावी. निवडलेल्या डिस्कवरील पूर्वीची सर्व माहिती या वेळी पुसली जाते, हे आधीच ध्यानी घ्यावे. स्थापनेच्या वेळी सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता, नाव व संकेतशब्द द्यावा लागतो. यंत्र पुन्हा सुरू होताच पडद्यावर पटलाचा पत्ता दिसतो. त्याच्या अखेरीस ८००६ हा पोर्ट क्रमांक असतो. जाळ्यातील दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता ‘एचटीटीपीएस’सह लिहावा. प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच तयार केलेले असल्याने ब्राउझर प्रथम इशारा देतो. पत्ता आपल्याच सर्व्हरचा आहे, याची खात्री करून ‘रूट’ या नावाने प्रवेश करावा.

दक्षता

ज्याच्या हाती पटल, त्याच्या हाती सर्व आभासी संगणक! म्हणून दैनंदिन कामासाठी प्रत्येकास स्वतंत्र खाते व आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत. ज्याने केवळ पाहावयाचे, त्यास बदलाचा अधिकार नसावा. द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. पटल इंटरनेटवर खुले न ठेवता कार्यालयीन जाळ्यापुरतेच मर्यादित ठेवावे. बाहेरून काम करणे भाग असल्यास व्हीपीएनचा अवलंब करावा.

सुधारणा वेळेवर करण्याचे महत्त्व फेब्रुवारी २०२३ मधील घटनेने पटते. त्या वेळी ‘व्हीएमवेअर ईएसएक्सआय’ या आभासीकरण प्रणालीचे अनेक देशांतील सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. ज्या त्रुटीकडे या हल्ल्यांच्या संदर्भात बोट दाखविण्यात आले, तिच्यावरील उपाय फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाला होता. प्रॉक्समॉक्समध्ये मूळ सुधारणा-भांडार सशुल्क वर्गणीदारांसाठी असते. वर्गणी नसल्यास विनावर्गणी भांडार निवडावे, अन्यथा सुधारणा येतच नाहीत.

अखेरीस, प्रतिलिपी निराळ्या यंत्रावर ठेवाव्यात आणि त्यांतून एखादा आभासी संगणक अधूनमधून प्रत्यक्ष उभा करून पाहावा. पडताळून न पाहिलेल्या प्रतिलिपीवर कार्यालयाचे दप्तर विसंबून ठेवणे योग्य नव्हे.