हप्ता संपेल तेव्हा आपण किती वर्षांचे?

अडतिसाव्या वर्षी एमसीएला प्रवेश घ्यायचं ठरवलं तेव्हा सासरी-माहेरी सगळ्यांना एकच काळजी होती, या वयात अभ्यास झेपेल का? अभ्यास झेपला. सीईटी दिली, दोन वर्षांचा कोर्स वेळेत पूर्ण झाला. ज्याची काळजी कुणीच केली नव्हती ते शैक्षणिक कर्ज मात्र अजून फिटायचंय. आता ओळखीपाळखीतून फोन येतात, ‘ताई, मीही पुन्हा शिकायचं म्हणतेय.’ त्यांना मी अभ्यासाबद्दल फारसं काही सांगत नाही. कर्जाबद्दल बोलते.

पहिल्या शाखेत मला ऐकावं लागलं, ‘मॅडम, हे लोन मुलांसाठी असतं.’ तसं मुळीच नाही. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना सरकारी बँका कमी-अधिक फरकाने राबवतात, तिच्यात विद्यार्थ्याच्या वयावर बंधन नाही. विवाहित विद्यार्थ्याचा तर तिथे वेगळा विचार केलेला आहे. आई-वडिलांऐवजी नवरा किंवा बायको, किंवा सासू-सासरे सहकर्जदार होऊ शकतात. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी परतायचं नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करायचा, म्हणजे अर्जाची नोंद राहते आणि नकार आलाच तर कारणासह मागता येतो. मी तेच केलं आणि दुसऱ्या बँकेत काम झालं. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही, हे तिथल्या साहेबांनी न विचारता सांगितलं. बऱ्याच सरकारी बँका विद्यार्थिनींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. ती मात्र आठवणीने मागून घ्यावी लागते.

वयाचा प्रश्न नंतर आला, आणि तो माझ्या वयाचा नव्हता. सहकर्जदार म्हणून नवऱ्याने सही केली. तो सातपूरच्या एका कारखान्यात आहे, तेव्हा अठ्ठेचाळिशीचा होता आणि तिथे निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. कोर्सची दोन वर्षं, त्यावर सवलतीचं एक वर्ष आणि मग हप्ते सुरू. योजनेत परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंतची मुदत आहे, पण बँकेने बोटं मोजली आणि सातच वर्षं दिली. त्यानंतर पगार कुणाचा, हा त्यांचा प्रश्न. मला त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, हा प्रश्न आम्ही दोघांनी बँकेच्या आधी घरात बसून एकमेकांना विचारायला हवा होता. बाविशीतल्या मुलाचं कर्ज लांबलं तर त्याच्या पुढे पूर्ण नोकरी पडलेली असते. आपलं लांबलं तर ते थेट पेन्शनीत, नाहीतर फंडाच्या पैशात जाऊन पडतं.

थोडा हिशेब मांडून दाखवते. समजा फी आणि लॅपटॉप धरून चार लाखांचं कर्ज, दर वर्षी दोन लाख उचललेले, व्याज दहा टक्के. शिकत असताना आणि सवलतीच्या वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. ते सरळ व्याज असतं, चक्रवाढ नाही, एवढाच दिलासा. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे साठ हजार, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे चाळीस हजार. म्हणजे हप्ता ठरायच्या दिवशी चार लाखांचे पाच लाख झालेले असतात. पाच लाखांचा सात वर्षांचा हप्ता जवळपास ८,३०० रुपये. पंधरा वर्षं मिळाली तर ५,४०० च्या आत. ऐकायला हलका, पण पंधरा वर्षांत व्याजापोटीच साडेचार लाखांवर जातात, सात वर्षांत दोन लाखांच्या आत भागतं. घरात एक पगार चालू असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत जा. पहिल्या वर्षी या हिशेबाने ते महिन्याला १,७०० रुपयांच्या आसपास येतं. असं व्याज भरणाऱ्याला बँक एक टक्का सवलत देऊ शकते, तीही मंजुरीच्या पत्रात लिहून घ्या. आणि मध्ये बोनस आला, भिशी लागली, तर मुद्दल फेडायला दंड नाही.

आता पगाराचं. कर्ज मागताना कॉलेजच्या माहितीपत्रकातलं ‘सरासरी पॅकेज’ समोर धरलं जातं. ते आपल्याला लागू नाही. कॅम्पसला येणाऱ्या कित्येक कंपन्यांची अट असते की शिक्षणात एक-दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप नको. माझा गॅप सोळा वर्षांचा. मुलाखतीपर्यंत पोचायच्या आधीच नाव गाळलं जायचं. मला नोकरी मिळाली ती पूर्वी हिशेबाचं काम केलं होतं त्याच्या जोरावर, एका सॉफ्टवेअर विकणाऱ्या छोट्या फर्ममध्ये, आणि पगार माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्माही नव्हता. म्हणून पुन्हा शिकणाऱ्याने हप्ता झेपेल का हे नव्या नोकरीच्या स्वप्नावर ठरवू नये. आज घरात जो पगार येतो, त्यातून तो जाईल का? जात असेल तरच सही.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची. सहकर्जदाराच्या सिबिलमध्ये ते कर्ज त्याचंच म्हणून दिसतं. आमची मुलगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तिच्या कर्जासाठी पुन्हा बापाचीच पगारचिठ्ठी पुढे करावी लागली, आणि बँकेने आधी माझा हप्ता त्यातून वजा केला. वजा करणं नियमाला धरूनच होतं. घरात येत्या पाच-सात वर्षांत कुणाचं कॉलेज, कुणाचं घर, कुणाचं लग्न आहे, हे मांडल्याशिवाय आईने किंवा बापाने आपलं कर्ज काढू नये. मुलांचा हक्क आधी, असं मी म्हणत नाही. आईचं शिक्षण ही घरातली शेवटची बाब मानण्याची सवय मला अजिबात पटत नाही. पण दोन्ही कर्जं एकाच पगारावर उभी राहणार असतील तर ती एकाच कागदावर मांडायला हवीत.

आयकराचं थोडक्यात. शैक्षणिक कर्जाचं फक्त व्याज, रकमेची मर्यादा न ठेवता, वजावट म्हणून मिळतं, मुद्दल नाही. स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज चालतं, म्हणजे नवरा कर्जदार असून व्याज भरत असेल तर तो दावा करू शकतो. पण ही सोय जुन्या करप्रणालीतच आहे आणि आठच वर्षं आहे, व्याज भरायला लागलेल्या वर्षापासून मोजून. शिकतानाच व्याज भरू लागलात तर ती आठ वर्षंही तेव्हापासूनच धावू लागतात. दिराकडून उसने घेतले, पतसंस्थेतून उचलले, तर त्याला ही सवलत नाही.

आणि कर्जाआधी हे सगळं चाचपून बघा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त व्यावसायिक, तांत्रिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण पदवी किंवा पदव्युत्तर असं एकदाच. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, तिला मात्र वयाची अट आहे, १७ ते ३०. म्हणजे आपण बाद. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला नाही. त्यामुळे घराजवळच्या कॉलेजात कोट्यातून शिरण्याआधी थोडं लांबचं कॉलेज कॅपमधून मिळतंय का ते पाहा. आणि नुसत्या बढतीसाठी पदवी हवी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. नोकरी सांभाळून, कर्ज न काढता होतं.

सही करताना विम्याचा एक कागद हळूच पुढे सरकतो. त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि आपल्या वयामुळे तो जास्त येतो. घ्यावासा वाटला तर घ्या, पण कर्जासाठी तो सक्तीचा आहे का, हे विचारून मग घ्या. तारणाच्या कागदांचंही लक्षात ठेवा. माझ्या जावेने साडेसात लाखांच्या वर कर्ज घेतलं होतं, त्यासाठी प्लॉटचे कागद बँकेत ठेवले होते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तिने तो लेखी अर्जात नमूद केला. कागद महिन्याच्या आत आले.