नरनाळ्याला जायचं ते पाणी पाहायला

अकोटच्या माणसाला नरनाळ्याचं विचारा. एक तर तो म्हणतो, "शाळेच्या सहलीत गेलो होतो." नाहीतर, "जाऊ कधीतरी, इथंच तर आहे." सातपुड्याची रांग रोज उत्तरेला दिसते, म्हणून जाणं लांबत राहतं. तळ्याकाठी दिवस काढायचा, नावेत बसायचं अशी टूम घरात निघाली की गाडी सरळ चिखलदऱ्याकडे वळते. खिसा भरलेला असला तर इटलीतल्या कोमो तळ्यावर एका दिवसाच्या बोटसहलीचा बेत आखणारेही वऱ्हाडात आता आहेत. जावं त्यांनी खुशाल. पण वाटाड्या सोबत घेऊन, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं तळं हवं असेल, तर अकोटपासून वीसेक किलोमीटरवर शहानूर आहे आणि तिथून घाट चढला की नरनाळा किल्ला.

आधी एक घोटाळा मिटवू. शक्कर तलाव दोन आहेत. एक चिखलदऱ्याला आणि एक नरनाळ्यावर. नावा आहेत त्या चिखलदऱ्याच्या तलावात. नरनाळ्याचा तलाव अभयारण्यात आहे आणि तिथं काठावर उभं राहूनच पाहायचं असतं. व्हॉट्सॲपवर कुणी 'शक्कर तलाव, बोटिंग' असा फोटो टाकला की लेकरं घेऊन लोक नरनाळ्याला येतात आणि नाव कुठं आहे म्हणून विचारतात. तेव्हा घरातून निघण्यापूर्वीच ठरवा की वल्हं मारायचं आहे की तळं पाहायचं आहे. दोन्ही एकाच दिवशी उरकू नका. नकाशावर अंतर फार वाटत नाही, पण अंजनगाव आणि परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याचा घाट चढेपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो.

मी नरनाळ्याच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण पाणीच. अकोट तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खोदली, बोअर मारलं, तरी हाती लागतं ते खारं पाणी. शेताला चालत नाही, प्यायला तर नाहीच. म्हणून वान धरणाचं पाणी नळाने आणावं लागलं. आता त्याच मुलखाच्या डोक्यावर, डोंगराच्या माथ्यावर, शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी पावसाचं पाणी अडवून एकामागून एक तळी बांधली. उतार पाहून दगडी नाल्या काढल्या. त्यांचे अवशेष अजून दिसतात. हजारो माणसं, घोडे आणि हत्ती राहतील एवढा विस्तार असलेला गड नदीवाचून उभा राहिला तो या तळ्यांच्या जोरावर. दरवाजे नि तोफा सगळेच दाखवतात. तुम्ही वाटाड्याला सांगा, "भाऊ, आज पाणी दाखवा."

निघायचं पहाटे. अकोल्याहून येणाऱ्यांनी अकोटपर्यंतचे ४५ किलोमीटर धरून हिशेब करावा. अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, पण सकाळी गडावर पोहोचायचं असेल तर गाडीच्या वेळेवर अवलंबून राहण्यापेक्षा आदल्या रात्री अकोटला मुक्काम बरा. पेट्रोल अकोटातच भरा. पैसे रोख ठेवा, ओळखपत्राची प्रतही ठेवा. वाटेतलं पोपटखेड ओलांडलं की मोबाइलचा भरवसा धरू नका, आणि नेटवर्क गेल्यावर डिजिटल पैशाचा काही उपयोग नाही. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना पाहत जा. केळी, संत्री आणि मध्येच पानपिंपरीची सावलीतली लागवड. अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात हे औषधी पीक पिढ्यानपिढ्या घेतलं जातं आणि बाहेरगावच्या पाहुण्याला ते पानमळ्यासारखंच वाटतं.

शहानूर हे पायथ्याचं गाव. वनविभागाचं प्रवेशद्वार इथं आहे. नरनाळा १९९७ साली अभयारण्य झालं आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अकोट वन्यजीव विभागात येतं. म्हणजे आपण किल्ल्यावर जातो तेव्हा वाघाच्या घरातून जातो, हे डोक्यात असू द्या. प्रवेशाची वेळ, शुल्क, बंद असणारा वार, कोणतं वाहन वर सोडतात आणि कोणतं नाही, हे नियम हंगामाप्रमाणे बदलतात. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी वनविभागाकडे फोन करून खात्री करून घ्यावी. शनिवार-रविवारी जिप्सी लवकर संपतात. सहा जणांचा कंपू असेल तर एक जिप्सी नीट भरते आणि खर्चही वाटून जातो.

गाईडच्या बाबतीत आपल्याकडे एक खोड आहे. माणूस घ्यायचा आणि त्याला मागच्या सीटवर बसवून आपणच बोलत राहायचं. असं करू नका. शहानूरचे गाईड आजूबाजूच्या गावांतले तरुण आहेत. किल्ल्याचा इतिहास त्यांना पाठ असतो, पण तो पुस्तकातही मिळेल. त्यांच्याकडून घ्यायचं ते जंगल. सांबराने कुठं साल खाल्ली, अस्वलाने कुठं वारूळ फोडलं, कोणत्या मोहाखाली रात्री कोण येऊन गेलं. पहिला अर्धा तास तोंड बंद ठेवा, मग त्याचं तोंड उघडतं. नशीब असेल तर तो रानपिंगळा दाखवील. हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी ११३ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. १९९७ साली तो नंदुरबारकडे शहाद्याच्या रानात पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचं कळलं. दिवसाउजेडी फिरतो, म्हणून पाहायची संधी असते.

दरवाज्यांची गोष्ट थोडक्यात. घाट चढताना एकापाठोपाठ दरवाजे लागतात आणि त्यातला महाकाली दरवाजा न थांबता ओलांडणं पाप आहे. फिकट वालुकाश्म, कोरलेली कमळं, दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे. सज्ज्यांतल्या दगडी जाळ्या जवळून पाहा. शेजारच्या दोन जाळ्यांची नक्षी एकसारखी सापडत नाही. वर फारसी-अरबी अक्षरांत शिलालेख आहे. त्यातलं साल १४८७ चं, बहामनी सुलतानाच्या वतीने वऱ्हाड सांभाळणाऱ्या फतेहउल्ला इमादुल्मुल्कच्या काळातलं. तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. गड त्याहून जुना आहे. अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास त्याची डागडुजी केली असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. दरवाज्यावर नाव कोरणारे आजचे वीर दिसले तर गाईडला सांगा, स्वतः भांडत बसू नका.

वर पोहोचल्यावर राणीमहाल, तेला-तुपाची टाकी आणि नऊगजी तोफ असा नेहमीचा फेरा असतो. तो करा, पण भरभर. तोफेवर लेकरू बसवून फोटो काढायचा मोह आवरा. मग शक्कर तलावाकडे वळा आणि तिथं निदान एक तास द्या. काठावर थेट जाऊ नका, आधी लांबून दहा मिनिटं उभे राहा. गलका नसेल तर टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, खंड्या फांदीवरून सुळकन पाण्यात जातो. मग गाईडच्या मागे ओल्या काठापर्यंत जायचं. चिखलात सांबराच्या खुरांचे ठसे एकावर एक पडलेले असतात. खोल उमटलेले, पुढे टोकदार. गवा आला असेल तर त्याचा ठसा आपल्या गाई-बैलासारखा, पण बैल खुजा वाटावा एवढा मोठा. पंजा दिसला तर गाईड आवाज खाली आणून म्हणतो, "लेकराचा हात धरा जी," आणि तेवढ्यावर सगळा कंपू गप्प होतो. त्याच्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

या तलावाबद्दल दंतकथा भरपूर आहेत. तळाशी परीस आहे ही त्यातली लाडकी. दुसरी मात्र धोक्याची आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर या तलावात आंघोळ केल्याने माणूस वाचतो, अशी समजूत या भागात फार जुनी आहे, इंग्रजांच्या गॅझेटियरातही तिची नोंद आहे. ऐकायला हरकत नाही. पण कुत्रं चावलेल्या माणसाला साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस द्यावी लागते, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर कोणताच तलाव वाचवत नाही. गाईड ही गोष्ट रंगवून सांगू लागला तर सोबतच्या लेकरांना लसीचंही तिथंच सांगून टाका.

पाण्यात उतरायचं नाही. पाय बुडवायलाही नाही. काठ शेवाळलेला असतो, दगड निसटतो आणि खोली बाहेरून कळत नाही. शिवाय उन्हाळ्यात साऱ्या माथ्यावरची जनावरं याच पाण्यावर जगतात. शांपूची पुडी आणि साबणाचा फेस तिथं सोडून आपण घरी निघून जाणार, प्यायचं आहे त्यांना. गडावर बाकीचीही तळी आहेत, धोबी तलाव वगैरे. काही पावसाळ्यानंतर आटत जातात. एखादं कोरडं पडलेलं तळंही पाहा. भिंतीची बांधणी, पाणी आत घेण्याची वाट आणि जास्तीचं बाहेर सोडण्याची वाट हे सारं भरलेल्या तळ्यात झाकलेलं असतं.

आता खाण्याचं. वऱ्हाडी माणूस रानात गेला की त्याला रोडगे आठवतात. गोवऱ्यांची आहार, त्यात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. हे सगळं खाली कुणाच्या शेतात करा, मालकाला विचारून. गडावर काडी ओढली तर तो गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतर वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं. वर न्यायला पोळ्या, कोरडं बेसन आणि ठेचा पुरे. डबा उघडताना पाठीशी माणूस उभा ठेवा, कारण वानरं पिशवी नेमकी हेरतात. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा आणि घोट्यावरचे मोजे घ्या. पावसाळा सरला की कुसळं मोज्यांत अशी घुसतात की संध्याकाळभर ती उपटत बसावं लागतं. अत्तर लावू नका. जुन्या बांधकामांना आग्यामोहोळ लागलेलं असतं आणि माश्या बिथरल्या तर पळायला जागा नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. तळी भरलेली असतात आणि ऊन सोसतं. पावसाळ्यात धुकं आणि हिरवळ मनमोहक खरी, पण घाट निसरडा आणि प्रवेशावर मर्यादा येतात. एप्रिल-मे मध्ये जनावरं पाण्याकाठी जास्त दिसतात, पण अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे विसरू नका. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत परतीला लागा आणि म्हाताऱ्यांना नेऊ नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी पोपटखेडमार्गे धारगडच्या यात्रेला गर्दी लोटते. ती यात्रा म्हणून पाहायची असेल तर जरूर जा, एरवी तो शनिवार-रविवार-सोमवार टाळा.

उतरल्यावर अंगाला पाणी लावावंसं वाटतं. त्यासाठी कुणी वारी भैरवगडचं नाव सुचवील. वान धरणाखाली, हनुमानाच्या देवळाजवळ नदीत डोह आहेत आणि ते डोह जिवावर उठलेले आहेत. पोहणारी तरणीताठी पोरंही तिथं गेली आहेत. दर्शन घ्या, धरण लांबून पाहा, डोहात उतरू नका.

आणि नावेचं राहिलंच असेल तर चिखलदऱ्याचा वेगळा दिवस काढा. शनिवारी दुपारी पोहोचून रात्र वर काढली आणि रविवारी सकाळी तलावावर गेलं की गर्दीच्या आत पाळी येते. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका, बक्कल लावून खांद्याजवळ धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. लहान मापाचं जॅकेट नसेल तर लेकरू काठावर थांबेल, कितीही रडलं तरी. पायडलच्या नावेत जड माणसं एका बाजूला बसवू नका आणि सेल्फीसाठी उभं राहू नका. दुपारनंतर पठारावर वारा सुटतो, तेव्हा फेरी सकाळी दहाच्या आत उरकून मग देवी पॉइंट, भीमकुंड वगैरे गाठा.